कधीही येऊन घेऊन जा

‘ब्रिटिश बनावटीची, दोन माणसांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार.’

गुरांच्या डॉक्टरने जाहिरातीचं कात्रण बॉनेटवर ठेवलं, लगेच उचललं, तिथे रुमालाने पुसलं आणि म्हणाली, “खरं आहे.” चाळिशीची बाई, पायांत गमबूट, थेट कुठल्यातरी गोठ्यातून आलेली.

फिटर बिनखिडकीच्या खोलीच्या दारात हात मागे बांधून उभा होता. कापरे हात गिऱ्हाइकासमोर पुढे आणायचे नाहीत, हे त्याने सकाळीच ठरवलं होतं.

‘नऊ वर्षं खपून पहिल्यासारखी केलेली. एकही स्क्रू परका नाही.’

डॉक्टर उताणी झाली आणि गाडीखाली सरकली. बराच वेळ नुसते गमबूट दिसत होते. मग आतून आवाज आला, “काका, पाठीचा कणा सरळ आहे हिचा. माझ्यापेक्षा सरळ.”

‘रंग गडद, जवळजवळ काळा.’

“जवळजवळ म्हणजे?”

“मूळ पत्र्याचा तुकडा होता एक. त्याला जुळवून मीच घोटला. इथेच, या ट्यूबलाइटच्या उजेडात.”

‘पहिल्या झटक्यात चालू होते.’

डॉक्टरने आत बसून चोक ओढला, किल्ली फिरवली. फळीवरचे नटांचे डबे थरथरले. शेजारच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

डॉक्टरने इंजिन बंद केलं. “घेतली. भाव तुमचाच. पण आधीच सांगते, शोभेला नाही घेत. रोज गोठ्यांवर जाणार हिच्यातून. शेणाचे बूट चालतील ना तुम्हाला?”

नऊ वर्षं फिटरला हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. “त्यासाठीच असते ती,” तो म्हणाला.

‘कधीही येऊन घेऊन जा.’

डॉक्टरने कात्रण खिशात घातलं. चारी भिंतींवर नजर फिरवली.

“दार कुठलं?”

“कसलं दार?”

“हिला बाहेर काढायचं.”

फिटरने स्वतः उभा होता त्या दाराकडे पाहिलं. साडेतीन फूट. मग गाडीकडे पाहिलं.

गाडी आली होती पोत्यांतून आणि खोक्यांतून. सांगाडा चौघांनी कुशीवर वळवून आत घेतला होता. बॉडीची लाकडी चौकट इथेच उभी राहिली, पत्रा इथेच ठोकला गेला. कारखान्यात एकतीस वर्षं केसाचा दहावा भाग मोजणाऱ्या माणसाने

दार मोजलं नव्हतं.

तो चाकाला टेकून खाली बसला. “खोलावी लागेल. सगळी.” हात पुढे आले होते आणि गुडघ्यांवर कापत होते. त्याचं आता भान नव्हतं. “खोलून देईन मी. पण परत जुळवायला हे हात...”

डॉक्टरने हातांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. “गाय अडली की मालक घाबरून म्हणतो, वासरू कापून काढा. मी आधी बघते, वाट किती मोठी होते ते.”

मशीन थांबलं.

फिटरची बायको आत आली. गळ्यात टेप, हातात कापडावर खुणा करायचा खडू. दोघांकडेही न बघता ती अंग चोरून गाडीच्या पलीकडे गेली आणि गल्लीकडच्या भिंतीवर तिने खालपासून डोक्याइतक्या उंचीपर्यंत एक रेघ ओढली. मग चार पावलं सरकून दुसरी.

“गाडी पाच फूट रुंद,” ती म्हणाली. “साडेपाच धरलेत. दोन्हीकडे तीन-तीन इंच शिवणीला.”

“तू हिला मोजलीस? कधी?”

“मी कुणाला मोजते का? टेप गिऱ्हाइकाच्या समाधानाला असते. पुढचा पत्रा ठोकलात ना, तेव्हा बघितली.”

“अगं, त्याला सहा वर्षं झाली.”

“झाली असतील.”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलले असते तर मागचा पत्रा ठोकला असता तुम्ही?”

डॉक्टर एकदम वाकून आपल्या बुटांवरचं शेण खरवडू लागली.

“अर्ध्या विटेची भिंत आहे, वर बोजा नाही,” बायको म्हणाली. “पोर्चची खोली केली तेव्हा तुम्हीच घातलीत, त्यामुळे कुणाची परवानगी नको. आणि गाडी गेली की माझं मशीन इथे येणार. आत्ताच सांगून ठेवते, मागून कुरकुर नको.”

“घण आहे?” डॉक्टरने विचारलं.

फिटरने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने माफी मागितली.

बायको गल्लीत जाऊन उभी राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोपवायला. डॉक्टरने गाडीवर जुन्या चादरी पसरल्या. पहिला घाव कोणी घालायचा, हे कोणी बोललं नाही. घण जड होता, फिटरच्या हातांना कापायला सवडच मिळाली नाही.

तिसऱ्या घावाला एक वीट गल्लीत पडली. पाचव्याला आणखी तीन.

“जपून,” बाहेरून आवाज आला.

धूळ खाली बसेपर्यंत तो खोकत राहिला. घाव घालताना चादर बॉनेटवरून घसरली होती. भगदाडातून आलेला उन्हाचा पट्टा तिथे पडला होता, जेमतेम वीतभर रुंद. फिटर त्याच्याकडे बघत राहिला. मग घण खाली ठेवून त्याने भगदाडाला तोंड लावलं.

“अगं, आत ये जरा,” त्याने हाक मारली. “ही हिरवी आहे.”