जात्याचा ठसा

ज्ञानकोशाने द्वारकाबाईंचं जात्याचं चित्र पुन्हा परत पाठवलं. कारण तेच होतं. त्यांचे कृत्रिम डोळे कंपनीचे, म्हणून त्या डोळ्यांनी पाहून काढलेल्या चित्रावर हक्कही कंपनीचाच.

"सोडा आता, आई," सून ऋजुता म्हणाली. "डोळे बसवताना करारावर सही तुम्हीच केलीत ना?"

"डोळ्यांसाठी केली. हातांसाठी नाही."

द्वारकाबाईंनी दोन्ही डोळे काढून वाटीत ठेवले. चाचपडत जात्याच्या तळीवर कागद पसरला आणि त्यावरून कोळसा घासायला घेतला. टाकीचे घाव कागदावर उमटू लागले.

"कसं उमटतंय, बघू का?" ऋजुता पुढे आली.

"बघायचं नाही. तुझेही डोळे त्यांचेच आहेत."

ऋजुताने डोळे गच्च मिटले आणि कागद सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला.