आठवा कॅमेरा

“भात्याचं कातडं अजून मऊ आहे,” काका म्हणाले, आणि काकू सावध झाल्या. काकांचं कौतुक नेहमी असंच सुरू व्हायचं. संपायचं मात्र नकारावर.

हा आठवा कॅमेरा होता. आठ महिन्यांत आठवा. लाकडी, घडीचा, पुढे-मागे ताणायच्या कातडी भात्याचा, चार बाय पाच इंचांचा फिल्मचा ताव घेणारा. दुकानदाराने तो खिडकीपाशी तिपाईवर चढवला होता, तोंड रस्त्याकडे. काका पितळी किल्ल्या फिरवून बघत होते. लेन्स बसवलेली पुढची पाटी वर सरकवली, खाली घेतली, कलती केली. बोटं खुशीत होती. याच बोटांनी चाळीस वर्षं नकाशे काढले होते. कचेरीत त्यांना ‘केसभर’ म्हणत, कारण रेघ केसभर हलली तरी ते अख्खा कागद फाडून पुन्हा बसत. लग्न झालं तेव्हा काकूंना त्या नावाची गंमत वाटली होती. आता वाटत नव्हती.

निवृत्तीनंतर काकांना एकच गोष्ट करायची होती. तरुणपणी ज्या खिंडीत तंबू ठोकून त्यांनी पहिली दरी मोजली, तिथे जाऊन त्या दरीचा एक फोटो काढायचा. भिंतीएवढा. पलीकडच्या उतारावरचं झाडन् झाड मोजता आलं पाहिजे. “छोट्या फिल्मचं ते काम नाही,” ते म्हणत. काकूंनाही ती दरी एकदा डोळ्यांनी पाहायची होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिथून आलेली पत्रं त्यांना अजून आठवत होती. नदी कुठे दोनदा वळते, सकाळचं धुकं खालून वर कसं चढत येतं. त्यांनी बैठकीच्या खोलीतली एक भिंत रिकामी करून ठेवली. कॅलेंडर काढलं, आरसा काढला. आता येणारे-जाणारे विचारत, रंग द्यायचाय का?

पहिला कॅमेरा जड होता. दुसऱ्याच्या भात्याला भोक असल्याचा संशय. तिसऱ्याची पाटी डुगडुगत होती. चौथा हलका, म्हणजे वाऱ्यात हलणार. सातव्याचं तर लाकूडच आवडलं नाही. हातात घेताना सगळं छान असायचं, आणि मग आत बघून झालं की काहीतरी निघायचंच. घरी माहितीपत्रकं यायची ती काकूंनी मोठ्याने वाचायची. “तू वाच. मला ऐकता ऐकता विचार करता येतो.” ऐकता ऐकता ते घोरायला लागायचे. काकूंना मात्र कुठला भाता किती इंच ताणला जातो ते तोंडपाठ झालं होतं.

“काका, एवढे दोष तर सासूसुद्धा काढत नाही,” दुकानदार म्हणाला. “आता एकदा आत बघून घ्या.”

या कॅमेऱ्यांच्या पाठीला घासलेली काच असते. समोरचं दृश्य तिच्यावर उमटतं, ते उजेड झाकून बघावं लागतं. काका काळ्या फडक्याखाली शिरले. बराच वेळ नुसती पाठ दिसत होती, आणि किल्ली फिरवणारा हात. पुढे, मागे, परत पुढे.

बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

“काच मंद आहे.”

“गेल्याच महिन्यात नवी बसवलीय, काका! भिंग लावून बघा.”

“भिंगाने काच उजळते होय?”

काकूंनी चहाचा कप टेबलावर आपटला. “अहो, पुरे झालं! दरीतलं गवत वाळेल, तुमचे गुडघे जातील, आणि आपण इथेच चहा पीत बसू. तुम्हाला जायचंच नाहीये तिकडे. तसं सरळ सांगा, मी भिंतीवर कॅलेंडर लावून मोकळी होते.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“आठ महिने वाचतंय कोण? सरका बाजूला.”

आणि त्यांनी फडकं डोक्यावरून ओढून घेतलं.

आत अंधार होता. अंधारात रस्ता उलटा टांगलेला, सगळा धुरकट. काकूंनी किल्ली जराशी फिरवली, आणि एकदम सगळं टोकदार झालं. समोरच्या घड्याळजीच्या पाटीवरची उलटी अक्षरं. डोक्यावर उभं राहिलेलं झाड, पानन् पान सुटं. वरच्या मजल्यावर दोरीला वाळत घातलेला सदरा, त्याचं एक बटण तुटलेलं. काच लख्ख होती.

त्यांनी किल्ली पुन्हा मागे नेली, काकांनी सोडली होती तिथपर्यंत. बटणं गेली. पानं गेली. पाटी होती की नाही तेही कळेना.

इतका वेळ घालवून काकांनी शेवटी इथे आणून सोडली होती.

“दिसलं?” बाहेरून काकांनी विचारलं. आवाजातला सगळा ताठा गेलेला होता.

काकू लगेच बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा केस विस्कटलेले होते. त्या काकांकडे न बघता दुकानदाराशी बोलल्या.

“यांचं बरोबर आहे. काच मंदच आहे जरा.”

दुकानदाराने तोंड उघडलं. काकूंची नजर बघून मिटलं.

“पण हाच बांधून द्या. माझ्या हाताला बसलाय.” मग त्या काकांकडे वळल्या. “कॅमेरा कुठे रोखायचा ते तुम्ही सांगायचं. फोकस मी लावीन.”

दुकानदार खोकं आणायला आत गेला. काका खिडकीबाहेर बघत राहिले, घड्याळजीच्या पाटीच्या दिशेने.

“आधीचे सातही चांगले होते गं,” ते म्हणाले.