मडक्यातलं काळं बटण

आर्गिरोने शाल गळ्याशी आणखी आवळली. जूनच्या उन्हात अंगण तापलं होतं, पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या, पण शाल काढायची सोय नव्हती. झग्याचं छातीवरचं एक बटण गायब होतं. ते मडक्यात होतं.

शेजारी तिची सासू, पागोना, बसली होती. तीही गळ्यापर्यंत शालीत गुरफटलेली. म्हाताऱ्या माणसांना उन्हातही थंडी वाजते.

संत यान्निसचा सण होता. आमच्या बेटावर या दिवशी अंगणात पुरुषांना बंदी. बायकांनी आदल्या संध्याकाळी एकेक वस्तू पाण्याच्या मडक्यात टाकून वर लाल फडकं बांधलं होतं. आता देस्पो मावशी आधी दोन ओळी गायची, मग एक मुलगी मडक्यात हात घालायची. जिची वस्तू निघेल, तिच्या नशिबी त्या ओळींतला पुरुष. वर्षभर जे तोंडातून काढायचं नाही, ते आज गळा काढून गायचं. जात्याच्या खुंट्यावरची ओळ ऐकून पाद्र्याच्या बायकोने रुमालात तोंड लपवलं आणि ती पुन्हा म्हणायला लावली.

विधवांनी यात नुसतं बघायचं. पण आर्गिरोचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. रात्री आर्गिरोचं अंग जागं राहायचं, आणि आताशा तिला त्याची लाजही वाटेनाशी झाली होती. टाकायला मात्र काही नव्हतं. अंगठी, डूल, सगळं दफनानंतर रीतीप्रमाणे सासूने कुलपाच्या पेटीत घातलं होतं. म्हणून तिने बटण कापलं. काळी बटणं फक्त विधवांच्याच झग्याला असतात, हे तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं; तोवर मडक्याला फडकं बांधून झालं होतं. घर सासूचं. तिने हिला हाकललं तर हिची लेक आजीकडेच राहणार. गेल्या साली एका विधवेचं तसंच झालं होतं.

देस्पो मावशीने सूर लावला.

“वर राख दिसली तरी खाली जागा आहे निखारा,
दाराशीच उभा आहे फुंकर घालणारा.”

मुलीने मूठ उघडली. काळं बटण.

हसणं थांबलं. भिंतीशी काळ्या कपड्यांत पाच-सहा म्हाताऱ्या होत्या, पण सगळ्या माना आर्गिरोकडेच वळल्या. लेक गेली, एवढंच तिला कळत होतं.

पागोना उठली. काठी टेकत मडक्यापाशी गेली. तिने बटण डोळ्यांजवळ नेलं, उलटंसुलटं करून पाहिलं. आर्गिरोने डोळे मिटून घेतले.

“चार भोकांचं आहे, म्हणजे हे आमच्या सुनेचं,” पागोना म्हणाली. “माझं दोन भोकांचं. नीट चाचप गं पोरी, तळाशी असेल.”