मागल्या दारची माणसं

दादू फाटकातून आत येताना दिसला, तसा ओटीवर बसलेल्या बळीरामशेठनी हातातला पेपर मिटला. आपटा गावाहून एवढ्या उन्हाचा माणूस आला, म्हणजे काहीतरी गाऱ्हाणं घेऊनच आला असणार. त्या ओटीवर माणसं गाऱ्हाणी घेऊनच यायची. शेठची पनवेलात भाताची गिरणी होती, ते नगरपालिकेचे सभासद होते, आणि आगरी समाजाच्या बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा असे.

"ये दादू. बस."

"राम राम शेट," दादू उभ्याउभ्याच म्हणाला. "वयनी कशा हायेत?"

"ठीक हाय. बस की."

"आदी त्यांना बगून येतो." वहाणा काढून, हातातली शहाळी सांभाळत तो सरळ आत गेला.

शेठच्या बायकोनं, ठमाबाईंनी, अंथरूण धरलं त्याला बरेच दिवस झाले होते. हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून घरात माणसांची रीघ लागली होती. मोरा बंदरावरची भामा सुका जवळा घेऊन आली. मिठागरावरच्या बाया पायांचं मीठसुद्धा न धुता आल्या. मोहल्ल्यातली सकीना तर रोज तिन्हीसांजेला यायची. बायका सगळ्या मागच्या दारानं येत. पुरुष तेवढे ओटीवरून, शेठना राम राम घालून.

गेल्या साली शेठ टायफॉइडनं पडले होते, तेव्हाही माणसं आली होती. हार घेऊन आली, खुर्च्यांवर बसली, चहा प्याली आणि तब्येतीला जपा म्हणून गेली. रडलं मात्र कुणी नव्हतं.

आता आतून रडण्याचा आवाज येत होता. तोही पुरुषाचा. शेठ उठले आणि माजघराच्या दाराआड जाऊन उभे राहिले.

दादू कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता. भामा आणि आणखी दोघीतिघी भिंतीला टेकून होत्या.

"बांधाचा निवाडा शेटनी दिला, वयनी," दादू नाक पुसत म्हणत होता. "माज्या बाजूनं दिला. पन भाऊ माज्याशी बोलाय लागला तो तुमच्या चुलीपाशी. तुमी आमा दोगांना एका ताटात जेवाय घातलंत. नायतर आमी दोगं अजून कोर्टाच्या पायऱ्या चढत असतो."

"आमच्या घरातलं बी इथंच मिटलं," भामा म्हणाली. "ओटीवर निकाल ऐकायचा नि मागल्या दारी येऊन रडायचं. कोन नाय आलं?"

शेठच्या कानशिलात ऊन शिरल्यासारखं झालं. त्या निवाड्याबद्दल समाजानं त्यांना शाल दिली होती. फुटलेले दोन भाऊ आपण एक केले, ही गोष्ट त्यांनी किती सभांत सांगितली होती! ओटी उतरून ते दोघं न बोलताच घराला वळसा घालून मागल्या दारी गेले होते, हे त्यांना आज कळत होतं.

आणि ठमाबाई हसत होत्या. दादूच्या डोक्यावर त्यांचा हात होता. तसं हसू शेठच्या वाट्याला कधी आलं होतं, ते त्यांना आठवेना.

"चला, उठा सगळे," ते आत येऊन म्हणाले. "डॉक्टरांनी बोलायला मना केलंय. आजपासून कोनी यायचं नाय."

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. माणसांत त्यांना बरं वाटतंय, येऊ देत, असं म्हणाले होते.

शेठच्या शब्दापुढे आजवर कुणी बोललंच नव्हतं. दादूनं डोळे पुसले, शहाळी कॉटखाली सारली आणि तो निघाला. बायका माना खाली घालून मागच्या दारानं बाहेर पडल्या. त्यांच्या पाठीमागे शेठनी स्वतः दार लावलं. कडी गंजून अशी घट्ट झाली होती की हलेना. शेवटी मुठीनं ठोकून ठोकून त्यांनी ती बसवली. हाताचं सालटं निघालं.

ते परत आले, तर ठमाबाई छताकडे बघत पडल्या होत्या. दुपारची पेज त्यांनी दोन घोट घेऊन बाजूला सारली.

दिवे लागायच्या वेळी मागचं दार वाजलं.

"सकीना आसंल," ठमाबाई म्हणाल्या.

"वारा हाय."

दार पुन्हा वाजलं. मग बाहेरून हाक आली, "ठमाबाई, जागी हायस का गो?"

ठमाबाईंनी ओ द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनी शेठकडे बघितलं. शेठ खिडकीबाहेर बघत होते. बाहेर सकीना जरा वेळ थांबली असावी. मग तिची पावलं गल्लीतून लांब गेली.

खोलीत अंधार दाटत चालला होता. शेठनी कंदील लावला नाही. आता ही आपल्याला बोलणार, या धास्तीनं ते तसेच उभे राहिले.

ठमाबाईंनी दोन्ही हात टेकले, कण्हत कण्हत अंग भिंतीकडे सरकवलं आणि मोकळ्या झालेल्या अंथरुणावर हात फिरवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता तुमचं काय दुखतंय, ते सांगा."

शेठ कॉटच्या कडेवर बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. पहिला शब्द काही त्यांना सापडेना.