सीटखालचं गुपित

बायकोने आधीच बजावलं होतं, "आता गाडीत आणखी एक खेळणं आलं, तर झोपायलाही गाडीतच जायचं!" म्हणून नवऱ्याने गाडीचा मूळचा स्टीरिओ तसाच ठेवून ॲम्प्लिफायर गुपचूप सीटखाली बसवून घेतला. "बिनधास्त राहा साहेब," मेकॅनिक म्हणाला, "वहिनींचं सोडा, या कानाची खबर त्या कानाला लागणार नाही."

पण आवाज काही दणकेना. बटण शेवटपर्यंत पिळलं, तरी खाली मांजर गुरगुरावं इतकंच. गॅरेजला चार खेटे झाले. मेकॅनिक दर वेळी सीटखाली डोकं घालायचा आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "नवीन आहे साहेब, हळूहळू मोकळा होईल." घरी तोंड उघडायची तर सोयच नव्हती. बिचारा मुका मार सोसत होता.

रविवारी गाडी बायको चालवत होती, नवरा शेजारी बसला होता आणि स्टीरिओला फोनही तिचाच जोडलेला होता. तेवढ्यात तो वाजला, तिने सवयीने बटण दाबलं आणि त्याच गुरगुरत्या स्पीकरमधून मेकॅनिक बोलला,



"वहिनी, साहेब परत येऊन गेले. आवाज तुम्ही सांगितला तेवढाच ठेवलाय, त्यांना अजून पत्ता नाही!"