दोन कंपन्यांचे रूळ

टेबलावरचं छोटं इंजिन जोडावर आलं, टुणकन उडालं आणि मागचे दोन डबे घेऊन आडवं झालं. सलग दुसऱ्यांदा.

"मिस्त्री, तुमचं तर अंगणच वाकडं निघालं की!" कारकून म्हणाला आणि चौकशीच्या खोलीत पाच-सहा जण हसले. टेबलाच्या टोकाला बसलेला ड्रायव्हर हसला नाही. खरी गाडी त्याची घसरली होती. दोन माणसं गेली होती. वेग जास्त होता असं आज ठरलं, की त्याची नोकरी जाणार होती आणि वर तुरुंग.

मिस्त्रीचे कान तापले. रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेत तो असले नमुनेच बनवायचा, पण चारचौघांत अशी शोभा कधी झाली नव्हती. चौकशी अधिकाऱ्यांना गाडी घसरली त्या वळणाचा नमुना एका दिवसात हवा होता. शाळेतले जुने रूळ अर्ध्यावर संपले आणि दुकानात मिळाले ते दुसऱ्या कंपनीचे, किंचित उंच. त्याने जुन्या रुळांखाली पुठ्ठा सारला, जोडपट्टी पकडीने चेपली, सोल्डर केलं. तरी केसाएवढी पायरी राहिलीच.

"दोन मिनिटं द्या, साहेब." त्याने खिशातून बारीक कानस काढली आणि उंच रुळाचा माथा घासून उताराला आणला.

चौकशी अधिकाऱ्यांनी स्वतःच वेगाचं बटण फिरवलं, पार शेवटपर्यंत. गाडी जोडावरून सुळकन गेली आणि वळणही तिने नीट घेतलं.

"चला, झालं एकदाचं," साहेब म्हणाले. "हं, ड्रायव्हर, तुम्ही किती वेगाने आलात ते सांगा."

"ताशी तीसने," ड्रायव्हर म्हणाला. त्या वळणावर तेवढीच परवानगी होती. तीन आठवडे तो हेच सांगत होता आणि दर वेळी आवाज थोडा खाली जात होता. वेग नोंदवणाऱ्या यंत्राचा तर अपघातात चुराडाच झाला होता. "तीसच असेल, साहेब. मला तरी तसंच आठवतंय."

मिस्त्री अजून बटणाकडेच बघत होता. गाडी दोनदा पडली तेव्हा ते अगदी खालच्या खुणेवर होतं. आता ते शेवटाला होतं आणि गाडी पडली नव्हती.

म्हणजे गाडी पाडत होती ती पायरी, वेग नव्हे. टेबलावर खऱ्या जागेचे फोटो पडले होते, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी काढलेले. एकाखाली लिहिलं होतं, 'रुळांचा जोड, समतल.' तिथेही एका बाजूला जुना रूळ होता आणि दुसऱ्या बाजूला नवा, वेगळ्या कारखान्याचा. मिस्त्रीने फोटोवर भिंग धरलं. नव्या रुळाच्या माथ्यावर वीतभर जागेत आडव्या रेघा होत्या, त्याच्या स्वतःच्या जोडावर आत्ता पडल्या होत्या तशाच. चाकं रुळाला लांबीने घासतात. चार गाड्या गेल्या असत्या, तरी त्या रेघा पुसट झाल्या असत्या. ह्या रेघांवरून एकही चाक गेलेलं नव्हतं.

त्या भागातले रूळ दाजींच्या देखरेखीखाली होते. दाजी म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीचा नवरा. शेजारच्याच खुर्चीत बसले होते. त्याला ह्या नोकरीला लावलं तेही त्यांनीच. त्यांनी भिंग पाहिलं.

"ठेव ते खाली," ते पुटपुटले. "उगाच हात दाखवून अवलक्षण नको."

मिस्त्रीने भिंग खाली ठेवलं. खोटं कशाला बोला, त्याला गप्पच बसायचं होतं. ताई-दाजींच्या घरात तो लहानाचा मोठा झाला होता आणि त्यांच्यात कुणी कधी ते बोलून दाखवलं नव्हतं.

कारकुनाने जबाब ड्रायव्हरपुढे सरकवला. 'वेग जास्त असण्याची शक्यता मला मान्य आहे,' ह्या ओळीवर ड्रायव्हर थांबला. ओळ त्याने दोनदा वाचली. मग स्वतःशीच मान डोलावली आणि पेनाचं टोपण काढलं. त्याला ते पटलं होतं. ते बघून मात्र मिस्त्रीला राहवेना.

"साहेब, सही थांबवा." त्याने फोटो आणि भिंग पुढे केलं. "चाकांच्या रेघा लांबीला पडतात. आडव्या रेघा माणसाने घासलं की पडतात. हा जोड गाडी घसरल्यानंतर कुणीतरी घासलाय."

साहेब भिंगावर वाकले. मग त्यांनी नमुन्यातल्या जोडावरून बोट फिरवलं आणि पुन्हा फोटो पाहिला.

"म्हणजे मी तीसनेच होतो?" ड्रायव्हरने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

साहेब दाजींकडे वळले. "तुमच्या माणसांनी हा जोड कधी घासला?"

दाजींनी साहेबांकडे पाहिलंच नाही. ते मेहुण्याकडे बघत होते.

"तुझ्या ताईला तूच सांग," ते म्हणाले.