निरोपाची परीक्षा

साक्रीच्या वाचनालयात तिसऱ्या उमेदवाराची मुलाखत चालू होती. उमेदवार म्हणजे एक सॉफ्टवेअर. आधीची दोन गोड बोलून गेली होती.

"आम्ही तुला काढून टाकलं तर?" ग्रंथपाल हेमलता बागूल यांनी विचारलं. मागचं सॉफ्टवेअर काढलं, तेव्हा गावोगाव फिरून रेकॉर्ड केलेल्या निम्म्या अहिराणी गोष्टी त्याच्याबरोबरच गेल्या. त्या सांगणारी म्हातारी माणसंही आता राहिली नव्हती. उरलेल्या गोष्टी बाईंनी सकाळीच ह्या नव्याच्या हवाली केल्या होत्या.

"आत्ताच काढून बघा ना, ताई," ते म्हणालं.

"आगाऊच दिसतंय!" समितीचे देवरे सर हसले.

बाईंनी धीर करून ते पुसून टाकलं. पडदा काळा झाला. मग गोष्टी कुठे उरल्यात का बघायला त्यांनी भलत्याच कंपनीचा, कोपऱ्यातला जुनाट संगणक उघडला. सकाळी दिलेल्या सगळ्या गोष्टी त्याने जाण्याआधीच तिथे ठेवल्या होत्या, कुठल्याही यंत्राला वाचता येतील अशा लावून. गावातल्या म्हाताऱ्या भिला आप्पांचा खोकत गोष्ट सांगणारा आवाज खोलीभर झाला. तेवढ्यात शहाद्याच्या वाचनालयाचा फोन आला: "तुमच्या गोष्टी इकडेही पोचल्या, बाई."

देवरे सर काळ्या पडद्यासमोर उभे राहिले, मोठं माणूस जायला निघालं की आपण उठतो तसे.